मोठ्या शस्त्रक्रियेतला धोका रक्तवायूंवरून ओळखताना: सॅम्पल काढण्यापासून आकडा वाचेपर्यंत

मोठ्या शस्त्रक्रियेत रक्तदाब बहुतेक वेळा सगळ्यांत शेवटी पडतो. त्याआधी बराच वेळ शरीर रक्तवाहिन्या आवळून आणि नाडी वाढवून तो धरून ठेवतं. तेवढ्या वेळात आतडी, यकृत, मूत्रपिंडं उपाशी राहतात. ही उपासमार आधी दिसते ती एबीजीच्या, म्हणजे धमनीतल्या रक्तवायूंच्या तपासणीच्या कागदावर. लॅक्टेट (विशेषतः ऑक्सिजन अपुरा पडला की पेशींत साचणारा पदार्थ) चढू लागतं, बेस एक्सेस (रक्तातल्या अल्कलीची शिल्लक; उणे म्हणजे आम्ल वाढलं) उणे होत जातो, सेंट्रल लाइनमधून, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतल्या नळीतून काढलेल्या रक्तात ऑक्सिजन कमी उरतो, आणि शिरेतल्या व धमनीतल्या कार्बन डायऑक्साइडच्या दाबातलं अंतर, ज्याला आम्ही सीओटू गॅप म्हणतो, ते रुंदावतं.

भूल देताना आणि नंतर आयसीयूत हे चार आकडे रोज हाताखालून जातात. पुढे काय होणार याचा अंदाज त्यांतून खरोखर येतो, पण सॅम्पल नीट काढलेलं असेल, धमनीचं आणि शिरेचं एकाच वेळी घेतलेलं असेल आणि आधीच्या जोडीशी ताडून पाहिलेलं असेल तरच. त्यामुळे या लेखात सॅम्पलबद्दलच बरंच लिहिलं आहे. चुका तिथेच सर्वांत जास्त होतात.

सुरुवात शस्त्रक्रियेच्या आधी होते. जोखमीच्या रुग्णाचा, ऑक्सिजन न लावता, साध्या हवेवरचा एक एबीजी हाताशी असावा. हा एक कागद पुढचे धोके फारसे सांगत नाही. फुप्फुसाचा भाग काढायचा असेल तर धमनीतला कार्बन डायऑक्साइड ४५ मिमी पाऱ्याच्या वर असलेल्या रुग्णाला नकार द्यायचा, असा दंडक बरीच वर्षं होता. आता त्या एकट्या आकड्यावर कुणी निर्णय घेत नाही. फुप्फुसाच्या गुंतागुंतीचा अंदाज बांधणाऱ्या अरिस्कॅट गुणांकनात तर साधं बोटावरचं सॅच्युरेशन (हिमोग्लोबिनचा किती टक्के भाग ऑक्सिजनने भरलेला आहे ते) पुरतं: ९६ टक्के किंवा वर असेल तर शून्य गुण, ९१ ते ९५ असेल तर ८ आणि ९० किंवा खाली असेल तर २४. मग आधीचा एबीजी कशाला? तुलनेसाठी. जुन्या दम्या-सीओपीडीच्या रुग्णाचा कार्बन डायऑक्साइड घरीच ५२ आणि बायकार्बोनेट ३१ असतं. हे ठाऊक नसेल तर व्हेंटिलेटरवर त्याला ‘नॉर्मल’ ३८ वर आणलं जातं, रक्त अल्कली होतं आणि शेवटी तो स्वतःहून श्वास घेईना म्हणून सगळे गोंधळतात. याच रुग्णाचा बेस एक्सेस मुळात अधिक ५ असेल, तर शस्त्रक्रियेनंतर शून्य आलेला आकडा चांगला नाही. त्याने ५ गमावले आहेत.

मग लाइन. धमनीची लाइन बहुतेकदा मनगटात असते, तिच्यात फार वाद नाही. सेंट्रल लाइनचं टोक मात्र कुठे आहे यावर सगळं ठरतं. मानेतून घातलेल्या लाइनचं टोक वरच्या महाशिरेच्या खालच्या भागात, उजव्या कर्णिकेच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) तोंडाशी असावं. ते कर्णिकेत खोल गेलं तर हृदयाच्या स्वतःच्या शिरेतून येणारं, ऑक्सिजन जवळजवळ संपलेलं रक्त त्यात मिसळू शकतं आणि सॅच्युरेशन उगाच कमी दिसतं. जांघेतल्या लाइनमधल्या रक्ताला सेंट्रल सॅच्युरेशन म्हणू नये. ते पायांचं आणि ओटीपोटाचं रक्त आहे; त्याचे आकडे मानेच्या आकड्यांशी जुळत नाहीत आणि ठरलेली सीमारेषा त्याला लावता येत नाही. लाइनच्या तीन तोंडांपैकी टोकाकडचं, म्हणजे डिस्टल तोंड सॅम्पलसाठी ठरवून घ्यायचं आणि शेवटपर्यंत तेच वापरायचं.

आता प्रत्यक्ष सॅम्पल. आधीची दहा-पंधरा मिनिटं व्हेंटिलेटरला हात लावायचा नाही. श्वासाचा दर वाढवला की धमनीतला कार्बन डायऑक्साइड लगेच उतरतो, पेशींमधला साठा मात्र सावकाश; त्या मधल्या वेळात गॅप रुंद दिसतो आणि रक्तप्रवाह कमी झाल्याचा भास होतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात वायू भरताना आणि सोडताना हीच गत. ऑक्सिजनचं प्रमाणही दोन जोड्यांच्या मध्ये बदलू नये. शंभर टक्के ऑक्सिजनवर शिरेतलं सॅच्युरेशन काही टक्क्यांनी वर जातं आणि गॅपही हलतो.

सिरिंज कोरड्या, संतुलित हेपरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) हवी. द्रव हेपरिन ओढून घेतलेली साधी सिरिंज अजून पुष्कळ ठिकाणी वापरतात. सुईच्या मागे राहिलेला तो थेंब रक्त पातळ करतो: कार्बन डायऑक्साइड, बायकार्बोनेट, कॅल्शियम आणि हिमोग्लोबिन सगळंच खाली येतं. रक्त जितकं कमी भरलं तितकी चूक मोठी. दोन मिलीच्या सिरिंजमध्ये निदान एक मिली भरावं.

थ्री-वेकडे, म्हणजे लाइनवरच्या तीन तोंडांच्या तोटीकडे जायचं. धमनीच्या लाइनमधून आधी नळीतल्या मृत जागेच्या तिप्पट तरी रक्त ओढून बाजूला काढायचं, साधारण ३ मिली. सेंट्रल लाइनच्या त्या तोंडातून चालू असलेलं औषध आधीच दुसऱ्या तोंडाकडे वळवलेलं असावं. मग ५ मिली बाजूला. नॉरअॅड्रेनॅलिनची (रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाची) लाइन सॅम्पलसाठी कधीही वापरू नये, ओढताना औषध थांबतं आणि परत फ्लश करताना नळीतला सगळा डोस एकदम आत जातो. फ्लशचं पाणी सॅम्पलमध्ये शिरलं की कागदावर ते ओळखू येतं: हिमोग्लोबिन अचानक ७, पोटॅशियम आणि कॅल्शियम खाली, क्लोराइड वर. डेक्स्ट्रोज शिरला असेल तर साखर ६०० दिसते. असा कागद आला की रक्ताची पिशवी मागवण्याआधी सॅम्पल पुन्हा घ्यावं.

सिरिंज सावकाश ओढायची. घाईने ओढलं की जोडातून हवा येते. हवेत ऑक्सिजनचा दाब १५० मिमीच्या आसपास आणि कार्बन डायऑक्साइड जवळजवळ शून्य. शिरेच्या रक्तात ऑक्सिजनचा दाब ४० च्या आगेमागे असतो, म्हणून एवढासा बुडबुडाही सॅच्युरेशन वर ढकलतो आणि कार्बन डायऑक्साइड खाली आणतो. म्हणजे एकाच चुकीने दोन्ही आकडे ‘चांगले’ दिसतात आणि आजारी रुग्ण बरा वाटतो. धोका ओळखण्याच्या कामी याहून घातक चूक नाही. सिरिंज उभी धरून, टोकाला कापसाचा बोळा लावून हवा लगेच बाहेर काढायची आणि टोपण घट्ट बसवायचं. बुडबुड्यासह सिरिंज वायुदाबाच्या नळीतून प्रयोगशाळेत पाठवली तर हादऱ्यांनी चूक आणखी वाढते.

मग सिरिंज आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची आणि दोन तळव्यांमध्ये गोल फिरवायची. हे दोन वेळा: काढल्यावर आणि मशीनमध्ये घालण्याआधी. पहिल्याने गुठळ्या होत नाहीत. दुसऱ्याने खाली बसलेल्या लाल पेशी परत मिसळतात, नाहीतर हिमोग्लोबिन वरच्या पातळ थराचं मोजलं जातं. पहिले दोन-तीन थेंब गॉजवर टाकायचे. टोकाशी अडकलेली बारीक गुठळी तिथेच निघते, मशीनची नळी तुंबत नाही.

धमनी आणि शिरेचं सॅम्पल दोन मिनिटांच्या आत घ्यायचं, दोन्हींवर वेळ लिहायची आणि एकाच मशीनवर लागोपाठ लावायची. दहा-पंधरा मिनिटांत लावलं तर बर्फाची गरज नसते. उशीर झाला की लाल पेशी सिरिंजमध्येच साखर खात राहतात, लॅक्टेट वाढतं, ऑक्सिजन घटतो. प्लॅस्टिकची सिरिंज बर्फात ठेवणं हा उपाय वाटतो, पण थंड प्लॅस्टिकमधून ऑक्सिजन आत शिरतो. तापमानाच्या रकान्यात दोन्हींसाठी ३७ अंशच ठेवायचं. रुग्ण ३४ अंशांवर असताना एकाला तापमानाची दुरुस्ती करून आणि दुसऱ्याला न करता वजाबाकी केली, तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

एक प्रश्न मशीनच्या बाबतीत आधीच विचारून घ्यावा: सॅच्युरेशन मोजलेलं आहे की काढलेलं? को-ऑक्सिमीटर असलेलं मशीन ते प्रकाशाने प्रत्यक्ष मोजतं. नसेल तर ऑक्सिजनच्या दाबावरून सूत्राने काढतं. धमनीच्या रक्तात फरक पडत नाही, तिथे दाब आणि सॅच्युरेशन यांचं नातं दाखवणारी वक्ररेषा सपाट आहे. शिरेच्या रक्तात मात्र आपण त्या वक्ररेषेच्या उभ्या चढावर असतो: २७ मिमीला ५० टक्के, ४० मिमीला ७५ टक्के. तिथे दाबात दोन-तीन मिमीची चूक म्हणजे सॅच्युरेशनमध्ये चार-पाच टक्क्यांची चूक, आणि आपले निर्णय तर ६८ की ७२ यावर अडलेले असतात. को-ऑक्सिमीटर नसेल तर शिरेच्या सॅच्युरेशनवर निर्णय घेऊ नये, लॅक्टेट आणि गॅपवर घ्यावा.

सॅम्पल कधी घ्यायचं? भूल दिल्यावर रुग्ण स्थिरावला की पहिली जोडी. नंतर दर दीड-दोन तासांनी, आणि मोठी घडामोड झाली की थोडं थांबून. शेवटचे टाके पडताना एक, आयसीयूत पोहोचताच एक, मग ६, १२ आणि २४ तासांनी. प्रत्येक जोडीत बाजूला काढलेलं रक्त फेकून दिलं तर साधारण १० मिली जातं. आठ जोड्यांचे ८० मिली. आधीच हिमोग्लोबिन ९ असलेल्या रुग्णाला हे परवडत नाही, म्हणून ओढलेलं रक्त निर्जंतुकपणे परत देता येईल अशी बंद पद्धतीची नळी बसवणं चांगलं.

वाचताना लॅक्टेटपासून सुरुवात. २ मिलिमोलच्या आत ठीक, ४ च्या वर काळजी, हे सगळ्यांना पाठ असतं. अंदाजासाठी त्याची दिशा जास्त उपयोगाची. ४ वरून दोन तासांत ३ वर आलेलं लॅक्टेट आणि २ वरून ३ वर गेलेलं लॅक्टेट, दोन्ही कागदांवर आकडा ३ च, पण दुसऱ्या रुग्णाकडे आधी धावायला हवं. दोन तासांत १० ते २० टक्के उतार ही समाधानकारक चाल मानतात.

लॅक्टेट फसवतंही. अॅड्रेनॅलिनचं ड्रिप चालू असेल तर ते स्नायूंमधल्या बीटा रिसेप्टरवरून साखर मोडण्याचा वेग वाढवतं आणि ऑक्सिजन भरपूर असतानाही लॅक्टेट चढतं. हृदय-फुप्फुस यंत्रावरच्या शस्त्रक्रियेनंतर सहा-बारा तासांनी वाढणाऱ्या लॅक्टेटमागे पुष्कळदा हेच असतं. त्याची खूण: सोबत साखरही वाढलेली, सेंट्रल सॅच्युरेशन चांगलं, गॅप अरुंद, आणि औषध कमी केलं की काही तासांत उतार. जोरदार सालब्युटामोल देऊनही असंच होतं. मेटफॉर्मिन आणि यकृताचा आजार ही आणखी दोन कारणं. यकृत प्रत्यारोपणात जुनं यकृत काढल्यापासून नवं जोडेपर्यंत लॅक्टेट चढतच जाणार, कारण ते काढून टाकणारा अवयवच त्या वेळी नाही. तिथे चढाकडे बघून घाबरायचं नसतं. नव्या यकृतात रक्त सोडल्यावर पुढच्या काही तासांत ते उतरू लागतं की नाही, हा त्या यकृताच्या कामाचा पहिला पुरावा. उतरेना, तर यकृताच्या धमनीकडे लगेच बघावं लागतं.

महाधमनीच्या शस्त्रक्रियेत पायांकडचा प्रवाह थांबवणारा चिमटा काढताना वेळ फार महत्त्वाची. पायांत अडकलेलं आंबट रक्त एकदम परत येतं, कार्बन डायऑक्साइड आणि लॅक्टेट दोन्ही उसळतात. पाचव्या मिनिटाला घेतलेला कागद भयंकर दिसतो आणि पुढचं काहीच सांगत नाही. अर्ध्या तासाने घेतलेला सांगतो.

बेस एक्सेसबद्दल आमचं मत थोडं कडक आहे. रक्तस्रावाच्या रुग्णात तो उत्तम काम करतो, पण लांबलेल्या शस्त्रक्रियेत त्यावर एकट्याने विसंबू नये. कारण सलाइन. ०.९ टक्के सलाइनमध्ये सोडियम १५४ आणि क्लोराइडही १५४ असतं. रक्तातलं क्लोराइड शंभराच्या थोडं वर. तीन-चार लिटर सलाइन गेल्यावर क्लोराइड चढतं आणि बेस एक्सेस उणे ७-८ होतो, रक्तप्रवाह व्यवस्थित असतानाही. म्हणून वजाबाकी करायची: बेस डेफिसिट (बेस एक्सेस जितका उणे तो आकडा) १० आणि लॅक्टेट ८ असेल तर बहुतेक आम्ल उपासमारीचं आहे. डेफिसिट १० आणि लॅक्टेट २ असेल तर क्लोराइड बघा, मूत्रपिंडं बघा. अॅनायन गॅप (सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा करून उरणारा, न मोजलेल्या आम्लांची खूण देणारा आकडा) काढताना अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन विसरायचं नाही. ते ४ ग्रॅमच्या खाली जितके ग्रॅम असेल, प्रत्येकामागे २.५ मिळवायचे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर अल्ब्युमिन २ वर आलेल्या रुग्णात ही दुरुस्ती न केली तर ५ मिलिमोलचं आम्ल नजरेआड राहतं.

सेंट्रल सॅच्युरेशन समजायला सोपं वाटतं: दिलेल्या ऑक्सिजनपैकी किती परत आलं. सत्तरच्या वर बरं, खाली वाईट. पण भूल दिलेल्या शरीराची ऑक्सिजनची भूक कमी असते, त्यामुळे शस्त्रक्रियेत ८० हा नेहमीचा आकडा आहे. भुलीत दिसलेले ७० म्हणजे काहीतरी बिघडतंय. रुग्ण जागा होताना भूक परत येते. कापरं भरलं तर ती दुप्पटही होते. म्हणून रिकव्हरीतल्या पहिल्या तासात हा आकडा बऱ्याच जणांत पडतो. आधी अंगावर गरम हवेचं पांघरूण, वेदनाशामक, मग पुन्हा सॅम्पल. इतकं करूनही तो खालीच राहिला तर तो खरा इशारा. निरोगी माणसात वरच्या महाशिरेतलं सॅच्युरेशन फुप्फुसधमनीतल्या मिश्र रक्तापेक्षा दोन-तीन टक्के कमी असतं. शॉकमध्ये हे उलटतं आणि ते पाच-सात टक्के जास्त दिसतं, कारण पोटातले अवयव जास्तीत जास्त ऑक्सिजन ओढून घेत असतात. म्हणजे ज्या वेळी आकडा खाली दिसायला हवा, नेमक्या त्याच वेळी तो बरा दिसतो.

इथेच सीओटू गॅप कामाला येतो. कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनपेक्षा सुमारे वीसपट सहज विरघळतो, त्यामुळे सुजलेल्या पेशीतूनही तो रक्तात उतरतो. तो वाहून न्यायला पुरेसा प्रवाह नसेल तर शिरेत साचतो. नेहमीचं अंतर २ ते ५ मिमी. ६ किंवा जास्त असेल तर प्रवाह गरजेला पुरत नाही असं धरायचं.

एक उदाहरण पूर्ण मांडतो. समजा, आतड्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आयसीयूतली जोडी अशी आली: हिमोग्लोबिन ९.५, धमनीतलं सॅच्युरेशन ९८, ऑक्सिजनचा दाब ११०, कार्बन डायऑक्साइड ३८. शिरेतलं सॅच्युरेशन ७४, ऑक्सिजनचा दाब ४०, कार्बन डायऑक्साइड ४७. लॅक्टेट ३.६, आधीच्या जोडीत २.८. रक्तदाब ठीक. सॅच्युरेशन ७४ बघून बरेच जण कागद बाजूला ठेवतील. पण गॅप ९ आहे. ऑक्सिजनचा हिशेब करू (एक ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिली ऑक्सिजन धरतं): धमनीत १.३४ × ९.५ × ०.९८ म्हणजे १२.४८, अधिक विरघळलेला ०.००३ × ११० म्हणजे ०.३३, एकूण १२.८ मिली दर शंभर मिलीमागे. शिरेत १.३४ × ९.५ × ०.७४ म्हणजे ९.४२, अधिक ०.१२, एकूण ९.५. फरक ३.३. नऊला ३.३ ने भागलं की २.७ येतात, १.४ च्या वर गेलेलं हे गुणोत्तर ऑक्सिजनविना चाललेल्या चयापचयाकडे बोट दाखवतं. त्यात सात आकड्यांच्या चुका एकत्र येतात आणि हिमोग्लोबिन कमी असलं की ते आपोआप फुगतं, म्हणून आम्ही त्याला साक्षीदार मानतो, न्यायाधीश नाही. गॅप ९ आणि चढतं लॅक्टेट, एवढं पुरेसं आहे.

करायचं काय? २५० मिली द्रव दहा-पंधरा मिनिटांत देऊन स्ट्रोक व्हॉल्यूम (हृदयाच्या एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त) दहा टक्क्यांनी वाढतो का ते बघायचं. वाढला तर पुन्हा. न वाढल्यास द्रव थांबवून हृदयाकडे एकोने बघायचं. अर्ध्या तासाने पुन्हा जोडी. गॅप ९ वरून ६ वर आला आणि लॅक्टेट ३.६ चं ३.४ झालं, तर दिशा बरोबर आहे: गॅप प्रवाहाबरोबर मिनिटांत बदलतो, लॅक्टेटला तास लागतात. मात्र ९ वरून ८ झालेला गॅप सुधारणा समजू नये. मशीनच्या आणि सॅम्पलच्या चुका मिळून सुमारे २ मिमीचा फरक नुसत्या गोंगाटाचा असतो.

गॅप अरुंद, सॅच्युरेशन ८० च्या वर आणि तरी लॅक्टेट चढतंय, असं चित्र सर्वांत वाईट. प्रवाह आहे, ऑक्सिजन आहे, पेशी घेत नाहीत किंवा रक्त त्यांना वळसा घालून जातंय. शिवण सुटून जंतुसंसर्ग सुरू होताना असं दिसतं. अशा वेळी आणखी द्रव ओतण्याऐवजी पोटात काय चाललंय ते शोधावं.

सीमारेषांबद्दल. मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीसाठी सेंट्रल सॅच्युरेशनची सीमा २००५ च्या एका अभ्यासात ६४.४ टक्के निघाली, २००६ च्या दुसऱ्या अभ्यासात ७३. गॅपसाठी २०१० मध्ये ५ मिमी, २०१५ मध्ये ६. कुणी चुकलं असं नाही. रुग्ण वेगळे, सॅम्पलची वेळ वेगळी, कोणाला गुंतागुंत म्हणायचं तेही वेगळं. शिवाय त्याच कसोटीचं वजन रुग्णांच्या गटाप्रमाणे बदलतं. एखादी कसोटी शंभरातल्या ८० आजारींना पकडते आणि ८० बऱ्यांना मोकळं सोडते असं धरा. ज्या गटात शंभरातल्या १० जणांना गुंतागुंत होणार, तिथे ती ८ खऱ्यांना आणि १८ बऱ्यांना पकडेल. इशारा खरा निघण्याची शक्यता ३१ टक्के. ४० जणांना होणार असेल तर ३२ खरे, १२ खोटे, ७३ टक्के. साध्या हर्नियाच्या रुग्णाला सेंट्रल लाइन घालून गॅप मोजण्यात काही हशील नाही ते यामुळेच. पहिल्याच गटात कसोटीने मोकळे सोडलेल्या ७४ पैकी ७२ जण खरोखर बरे राहतात. चांगला कागद धीर देतो, त्यावर विश्वास टाकता येतो. वाईट कागद आधी तपासून घ्यावा.

आणि आकडा धोका सांगतो म्हणून तो आकडा जबरदस्तीने सुधारला की धोका टळतो, असं नाही. १९८८ मध्ये शूमेकर यांनी जोखमीच्या शस्त्रक्रियेत ऑक्सिजनचा पुरवठा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे मिनिटाला ६०० मिलीच्या वर नेण्याची कल्पना मांडली आणि शस्त्रक्रियेच्या आसपास ती फायद्याची ठरली. १९९४ मध्ये आधीच अत्यवस्थ झालेल्या रुग्णांत डोब्युटामिनने (हृदयाचा जोर वाढवणाऱ्या औषधाने) तेच लक्ष्य गाठायचा प्रयत्न झाला. त्या गटात ५४ टक्के दगावले, ते लक्ष्य न ठेवलेल्या गटात ३४. लवकर, पेशी अजून ऐकत असताना केलेला उपाय आणि उशिरा केलेली ओढाताण यांत हा फरक आहे. म्हणून भुलीतली आणि आयसीयूत पोहोचतानाची जोडी आम्ही कधीच चुकवत नाही.

या जोड्यांवरून रोजचा सर्वांत मोठा निर्णय असतो तो जागेचा. पोहोचतानाच्या आणि सहा तासांच्या, दोन्ही जोड्यांत लॅक्टेट २ च्या आत, गॅप ६ च्या खाली आणि सॅच्युरेशन सत्तरच्या वर असेल, तर रुग्ण दुसऱ्या सकाळी वॉर्डात जाऊ शकतो. एकही आकडा उलट्या दिशेला असेल तर बेड सोडायचा नाही, बाकी सगळं छान दिसत असलं तरी. चोवीस तासांची जोडी समाधानकारक आली की सेंट्रल लाइन काढून टाकायची; फक्त सॅम्पलसाठी ती ठेवली तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. काढण्याआधी शेवटची जोडी आणि तिची वेळ केसपेपरवर ठळक लिहून ठेवायची. चौथ्या दिवशी ताप आला, पोट फुगलं आणि नव्याने एबीजी पाठवला, तर तो ताडून बघायला तीच जोडी लागते.